‘पगार’ आणि त्याची लॅटिन भावंडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिनाअखेरीला घराघरांत ज्या शब्दाची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण पोर्तुगीजांकडे तो कुठून आला, असं विचारलं की गोष्ट दोन हजार वर्षं मागे जाते आणि पैशांपासून पार दूर, शांततेपर्यंत पोचते. मी पोर्तुगीज शिकायला लागले तेव्हापासून या शब्दाने मला सोडलेलं नाही. मित्रमंडळी, विद्यार्थी आणि नातेवाईक त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

‘पगार’ हा अस्सल मराठी शब्द नाही का?

वापराने तो पुरता मराठी झाला आहे, जन्माने नाही. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे. अर्थ ‘पैसे देणे, चुकते करणे’. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि लॅटिनमध्ये मूळ शब्द होता ‘पाकारे’. त्याचा अर्थ ‘शांत करणे’. तोही पुन्हा ‘पाक्स’ म्हणजे ‘शांतता, तह’ या नामापासून बनलेला. इंग्रजीतलं ‘पीस’ याच ‘पाक्स’चं फ्रेंचमार्गे आलेलं रूप.

म्हणजे पगाराच्या पोटात शांतता आहे.

शांतता आणि पैसे यांचा काय संबंध?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. युरोपीय भाषांच्या पुस्तकांत याचं उत्तर साधारण असं असतं: ज्याचं देणं लागतो तो धनको अस्वस्थ असतो, तगादा लावतो, त्याचे पैसे दिले की तो शांत होतो, म्हणून ‘शांत करणे’ या शब्दाला ‘पैसे देणे’ हा अर्थ आला. उत्तर बरोबर आहे. पण मराठी माणसाला ते पटवून घ्यायला पुस्तकाची गरज नाही, आपल्या तोंडी असलेलं ‘मिटवणे’ हे क्रियापद पुरेसं आहे. तंटा मिटवतात आणि वाण्याची बाकीही मिटवतात. एकाच शब्दाने भांडणही संपतं आणि देणंही. आता कल्पना करा, की पुढच्या काही शतकांत ‘मिटवणे’चा भांडणाचा अर्थ गळून पडला आणि फक्त बाकीचा उरला. लॅटिन ‘पाकारे’चं पश्चिम युरोपात नेमकं हेच झालं.

अभिजात लॅटिनमध्ये ‘पाकारे’ला लष्करी वास होता. ज्युलियस सीझर गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मोहिमांविषयी लिहिताना सगळा गॉल ‘पाकाता’ झाल्याचं सांगतो. शब्दशः ‘शांत झालेला’, प्रत्यक्षात तलवारीच्या धारेखाली नमवलेला. रोमन ‘पाक्स’ ही अशी वरून लादलेली शांतता होती. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोममध्ये या शांतिदेवतेच्या नावाने संगमरवरी वेदी उभी राहिली, तिचं लोकार्पण इ.स.पूर्व ९ मध्ये झालं. ती वेदी आजही रोममध्ये पाहता येते.

नंतरच्या शतकांत हा शब्द सेनापतींच्या तोंडून बाजारात उतरला. प्रांत ‘शांत करणे’ मागे पडलं आणि सावकाराला ‘शांत करणे’ पुढे आलं.

मग रोमन लोक आधी पैसे देण्याला काय म्हणत?

त्यांच्याकडे दोन चांगली क्रियापदं होती. एक ‘पेंदेरे’, म्हणजे तोलणे. नाणी येण्याआधी धातू तोलून देत, त्या काळाची ही आठवण. स्पॅनिश जगातल्या ‘पेसो’ या चलनाच्या नावाचा अर्थ ‘वजन’ होतो, तो याच घराण्यातला.

दुसरं ‘सोल्वेरे’, म्हणजे सोडवणे, गाठ सैल करणे. इथे मला थांबल्याशिवाय राहवत नाही. आपणही कर्ज ‘फेडतो’. फेडणे म्हणजे सोडणे, उलगडणे: वस्त्र फेडणे, गाठ फेडणे, आणि मग नवस फेडणे, ऋण फेडणे, आईवडिलांचे पांग फेडणे. कर्ज ही गळ्यात पडलेली गाठ आहे, ही जाणीव रोमनांना झाली तशी आपल्यालाही झाली. कुणी कुणाकडून उचललेली नाही.

रोजच्या बोलण्यात या दोन्ही शब्दांना ‘पाकारे’ने हटवलं. ते कसं झालं असावं, याचा एक धागा मध्ययुगाच्या सुरुवातीच्या कायद्यांत सापडतो. सहाव्या शतकापासूनच्या फ्रँक लोकांच्या कायद्यांत कुणाला इजा केली, तर ठरलेली भरपाई देऊन वैर संपवायची सोय होती. त्यातला राजाकडे जाणारा हिस्सा ‘फ्रेडुस’ म्हणून ओळखला जाई. हा शब्द जर्मनमधल्या ‘फ्रीडं’ म्हणजे ‘शांतता’ याचा नातेवाईक. पैसे दिले की सूड थांबतो, अशा जगात ‘शांत करणे’ आणि ‘पैसे देणे’ वेगळे राहतील कसे? केवळ यामुळेच अर्थ बदलला असं मी म्हणणार नाही, पण तो बदल टिकायला अशी जमीन नक्कीच उपयोगी पडली असावी.

याला दुसरा काही पुरावा आहे, की एकाच शब्दावरून एवढा मोठा निष्कर्ष?

आहे, आणि भक्कम आहे. लॅटिनमध्ये ‘क्विएतुस’ म्हणजे ‘शांत, निवांत’. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘कीत’ म्हणजे ‘देण्यातून मोकळा’ आणि ‘किते’ म्हणजे ‘सोडून जाणे’ आले. स्पॅनिश ‘कितार’ म्हणजे ‘काढून घेणे’ हाही त्याच कुळातला. इंग्रजीतलं ‘क्विट’ त्यातूनच निघालं. दोन वेगळे शब्द, दोन्हींचा अर्थ शांतता, आणि दोन्ही देण्याघेण्याच्या वहीत जाऊन बसले.

स्पॅनिशमध्ये तर आजही हिशेब पुरा झाल्यावर म्हणतात, ‘एस्तामोस एन पास’. अक्षरशः ‘आपण शांततेत आहोत’, मतलब ‘फिट्टंफाट’.

रोमान्स भाषा म्हणजे कोणत्या? आणि प्रत्येकीत या शब्दाचं काय झालं?

रोमन लोकांच्या बोलीभाषेतून, म्हणजे बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमधून, निघालेल्या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात. प्रेमकथांशी त्यांचा संबंध नाही. ‘रोमन लोकांच्या रीतीने बोललेलं’ असा मूळ अर्थ. पोर्तुगीज, स्पॅनिश, गॅलिशियन, कॅटलन, ऑक्सितान, फ्रेंच, इटालियन, सार्डिनियन, रुमानियन या त्यांतल्या ठळक.

पोर्तुगीज, स्पॅनिश, गॅलिशियन, कॅटलन आणि ऑक्सितान या पाचही भाषांत लिहायला रूप एकच: ‘पगार’. इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. रुमानियनचा मार्ग निराळा आहे, त्याबद्दल पुढे.

लॅटिन ‘क’चा ‘ग’ झाला, कारण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन मऊ पडतं. लॅटिन ‘अमीकुस’चा स्पॅनिशमध्ये ‘अमिगो’ झाला, ‘लाकुस’चा ‘लागो’ म्हणजे तळं झालं. ही सवय आपल्याकडचीही आहे. संस्कृत ‘शाक’ प्राकृतातून येता येता ‘साग’ झाला, ‘लोक’चा हिंदीत ‘लोग’ झाला. कानाला सोपं तेच जिभेवर टिकतं, तिथेही आणि इथेही.

इटालियनमध्ये मात्र एक गंमतीदार जोडी उरली आहे. तिथे ‘पगातो’ म्हणजे ‘ज्याचे पैसे दिले आहेत तो’, आणि ‘पकातो’ म्हणजे ‘शांत स्वभावाचा, संयमी’. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची रूपं. पहिलं बाजारातून घासत आलं, दुसरं नंतर विद्वानांनी लॅटिनमधून जसंच्या तसं उचललं. आपल्याकडच्या तत्सम-तद्भव जोड्या अशाच असतात, अग्नी आणि आग यांसारख्या.

फ्रेंच ‘पेये’मध्ये तो ‘ग’ गेला कुठे?

विरघळला. उत्तर गॉलमधल्या बोलीत मऊ झालेला ‘ग’ आणखी पातळ होऊन ‘य’ झाला. आपल्याकडे ‘राजा’चा ‘राय’ आणि ‘सूची’ची ‘सुई’ झाली तसंच. जुन्या फ्रेंचमध्ये या क्रियापदाला ‘पैसे देणे’ आणि ‘शांत करणे, खूश करणे’ असे दोन्ही अर्थ होते. दुसरा पुढे ‘अपेझे’ या क्रियापदाने घेतला आणि ‘पेये’कडे फक्त पैसे उरले.

नॉर्मन विजयानंतर हेच फ्रेंच क्रियापद इंग्लंडमध्ये पोचलं आणि ‘पे’ झालं.

म्हणजे ‘पगार’ आणि ‘पेमेंट’ एकच?

एकाच आजीची दोन नातवंडं. ‘पगार’ लिस्बनच्या जहाजातून आला. ‘पेमेंट’ रोममधून पॅरिसला, तिथून लंडनला आणि मग मुंबईला आलं. कारखान्यात कुणी सहज विचारतं, ‘पगाराचं पेमेंट झालं का?’ त्या एका वाक्यात लॅटिन ‘पाकारे’ दोनदा येतं आणि विचारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. किराणा दुकानात मोबाइल पुढे करून आपण ‘पे केलं’ म्हणतो, ते तिसऱ्यांदा.

रुमानियनचा मार्ग वेगळा कसा?

या सगळ्या कहाणीतला मला सगळ्यात प्रिय भाग हाच. रुमानियनमध्ये ‘इंपका’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ आहे ‘समेट करणे, दिलजमाई करणे’. पैशांचा लवलेश नाही. भांडलेल्या दोन भावांना एकत्र बसवून बोलतं करणं म्हणजे ‘इंपका’. पैसे देण्यासाठी रुमानियनने शेजारच्या स्लाव्ह भाषांमधून ‘प्लती’ घेतला, आणि पगारासाठी ‘सलारियु’बरोबर ‘लाफा’ हा तुर्कीतून आलेला शब्दही वापरला.

आजचा रुमानिया ज्या भागात आहे तो डाकिया प्रांत सम्राट त्रायानने इ.स. १०६ मध्ये जिंकला आणि २७० च्या दशकात ऑरेलियनने तिथून सैन्य मागे घेतलं. पश्चिमेकडे ‘शांत करणे’चं ‘पैसे देणे’ झालं ते बहुधा त्यानंतर, आणि पूर्वेकडची लॅटिन तोवर तुटून वेगळी पडली होती. त्यामुळे जुना अर्थ तिथे जपला गेला. दूरच्या खेड्यातल्या एखाद्या म्हातारीच्या बोलण्यात जुनं मराठी सापडावं, तशी रुमानियन इथे उपयोगी पडते. ती नसती, तर ‘पाकारे’चा शांततेचा अर्थ लोकांच्या तोंडी खरोखर होता की नुसता ग्रंथांत, अशी शंका कुणालाही घेता आली असती.

स्पॅनिश शिकताना ‘पगार’ आणि ‘अपगार’ यांत गोंधळ होतो. हे एकच शब्द आहेत का?

हो, एकाच मुळाचे. ‘पगार ला लुस’ म्हणजे विजेचं बिल भरणे आणि ‘अपगार ला लुस’ म्हणजे दिवा बंद करणे. पोर्तुगीजमध्येही ‘अपगार’ म्हणजे विझवणे, आणि शिवाय पुसून टाकणे; फळा पुसायच्या डस्टरला तिथे ‘अपगादोर’ म्हणतात. वीज गेली की स्पेनमध्ये ‘अपगोन’ आणि ब्राझीलमध्ये ‘अपगांव’ झालं असं म्हणतात.

शिकवणारे बहुतेक वेळा ‘पाठ करून टाका’ म्हणून पुढे जातात. मला ते कधीच रुचलं नाही, कारण मराठी माणसाला हे पाठ करावं लागत नाही. देवघरात तेल संपून समई मंदावली तर आपल्या घरात ‘दिवा विझला’ असं कुणी म्हणू देत नाही. आजी चटकन दुरुस्त करते: ‘दिवा शांत झाला म्हणावं.’ ‘निरांजन शांत झालं’, ‘दिवा मालवला’ ही आपली बोली. ‘अपगार’मध्ये अगदी हेच आहे. ज्योतीला शांत करणे. आपल्याकडे अशुभ टाळायला हा शब्द आला, आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, ‘शांत करणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदातून तो सरळ वाढला. कारणं निराळी, पण दिव्याकडे पाहायची नजर जुळली.

तहानेचंही तसंच. स्पॅनिशमध्ये तहान ‘अपगार’ करतात, इटालियनमध्ये इच्छा ‘अपगारे’ करतात म्हणजे तृप्त करतात. आपण तहान ‘भागवतो’, आणि महिन्याचा खर्चही ‘भागवतो’. पगार पुरला नाही की ‘भागत नाही’.

स्पॅनिशमध्ये ‘स्वतःवरच खूश असलेला’, म्हणजे गर्विष्ठ, अशा माणसाला ‘पगादो दे सी मिस्मो’ म्हणतात. इथे ‘पगादो’चा अर्थ ‘पैसे मिळालेला’ असा लावला तर वाक्य हास्यास्पद होतं. ‘संतुष्ट’ हा जुना अर्थ तिथे अजून जिवंत आहे.

‘पाक्स’च्याही मागे काही आहे का? ‘पाश’शी त्याचं नातं सांगतात, ते खरं का?

‘पाक्स’च्या मुळाशी ‘बांधणे, रोवून घट्ट करणे’ या अर्थाचा फार जुना धातू मानला जातो. शांतता म्हणजे मुळात बांधलेला करार, दोन्ही पक्षांना बांधून ठेवणारी गोष्ट. लॅटिन ‘पाक्तुम’ म्हणजे ‘करार’ त्याच घरातला. संस्कृत ‘पाश’ही त्याच धातूचा म्हणून अभ्यासक दाखवतात. तेव्हा पगार आणि पाश हे लांबचे नातलग आहेत.

‘पक्का’ मात्र या कुटुंबात नाही. तो ‘पक्व’वरून आला; अर्थ जवळचा वाटला तरी फसू नका.

स्पॅनिश ‘पागो’, फ्रेंच ‘पेई’, इंग्रजी ‘पेगन’ यांचं काय?

स्पॅनिशमध्ये ‘पागो’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘पगार’ या क्रियापदावरून आलेला, अर्थ ‘भरणा’. दुसरा लॅटिन ‘पागुस’वरून, अर्थ ‘शिवार, मुलूख’. अर्जेंटिनात माणूस आपल्या गावाकडच्या भागाला ‘मिस पागोस’ म्हणतो. ‘पागुस’ म्हणजे मुळात खुंट रोवून आखलेली हद्द. त्यावरूनच फ्रेंच ‘पेई’ म्हणजे ‘देश’ आला, आणि ‘पागानुस’ म्हणजे ‘खेडवळ’, पुढे ‘ख्रिस्ती नसलेला’. इंग्रजी ‘पेगन’ तिथून.

खुंट रोवणं, करार बांधणं, शांतता, देणं. अगदी तळाशी ही सगळी मंडळी पुन्हा भेटतात, पण ‘पागुस’ आणि ‘पाकारे’ लॅटिनमध्येच स्वतंत्र झालेले होते.

पोर्तुगालमध्येही लोक पगाराला ‘पगार’ म्हणतात का?

नाही, आणि लिस्बनला जाणाऱ्या मराठी माणसाला हा पहिला धक्का असतो. तिथे पगार म्हणजे ‘सलारिउ’ किंवा ‘ऑर्देनादु’. ‘पगार’ हे फक्त क्रियापद, ‘पैसे देणे’. दुकानात, हॉटेलात, बसमध्ये दिवसभर कानावर पडतं, पण महिन्याच्या कमाईला कुणी ते लावत नाही.

मग आपण क्रियापदाचं नाम का केलं? माझं मत असं. मराठीत परकं क्रियापद सरळ चालवता येत नाही. आपण त्याला आधी नाम करतो आणि मागे ‘करणे’ जोडतो. ‘चार्ज करणे’, ‘फोन करणे’, ‘पे करणे’ हे आजचे नमुने. त्या काळी मालक ‘पगार’ असं म्हणत पैसे वाटत असेल, तर मराठी कानाला ते एका कृतीचं नाव वाटणार. छोट्या कारखान्यांत आणि शेतावर मालक अजून म्हणतात, ‘शनिवारी पगार करतो.’ या ‘पगार करणे’मध्ये पोर्तुगीज क्रियापद अजून जागं आहे. ‘पगार देणे’, ‘पगार घेणे’, ‘पगार वाढणे’ ही त्यापुढची पायरी, जिथे शब्द कृतीचा न राहता रकमेचा झाला.

उच्चारही पाहा. पोर्तुगीजमध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि जोर नसलेला पहिला स्वर आखडून आपल्या ‘अ’सारखा होतो. त्यामुळे ‘प’ ऱ्हस्व आणि ‘गा’ लांब. मराठी कानाने ऐकलं ते अचूक ऐकलं. पाच शतकांत या शब्दाचा एक कानामात्रासुद्धा हललेला नाही, असं उदाहरण क्वचित मिळतं. ‘लैलांव’चा ‘लिलाव’ आणि ‘त्रोंकु’चा ‘तुरुंग’ होताना केवढी मोडतोड झाली ते आठवा.

तो मराठीत नेमका कुठून शिरला?

एकाच दारातून नाही. गोवा १५१० मध्ये आफोन्सु द आल्बुकर्कने घेतला आणि १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज सत्ता राहिली. वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, त्यांच्याकडे होती. साष्टी, मुंबई, चौल-रेवदंडा हा सगळा पट्टा त्यांच्या हाताखाली गेला. किल्ले बांधणारे गवंडी, गलबतावरचे खलाशी, वखारीतले हमाल, घरातले नोकर: रोख मोबदल्यावर काम करणारी माणसं इथेच या परक्या धन्याला भेटली. कोकणीत आणि गुजरातीतही हा शब्द आहे, उत्तर कर्नाटकातल्या कानडीत आहे, आणि मुंबईच्या हिंदीने तो पुढे नेला. दीव-दमणही १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होते, हे गुजरातीच्या बाबतीत लक्षात ठेवावं.

त्याच लाटेबरोबर आलेली इतर मंडळी पाहिली, की हे शब्द दरबारातून नव्हे तर कामाच्या जागेवरून आले हे दिसतं. घमेलं, पिंप, परात, चावी, बिजागरी, काडतूस, पाव, बटाटा, कोबी. हातात धरायच्या, वाहायच्या, शिजवायच्या वस्तू. ‘पगार’ त्यांच्या पंगतीत शोभतो.

या शब्दांचा मागोवा घेण्याचं मोठं काम एका गोवेकराने केलं. बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गाद हे धर्मगुरू. त्यांनी आशियाई भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांवरचा आपला ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी शब्दसंग्रहाबद्दल आस्था असणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं नाव आदराने घ्यावं असं मला वाटतं.

कोर्लईची भाषा याच प्रकारातली का?

ती एक पायरी पुढची. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात काही ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा बोलतात. तिला ती माणसं ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, भाषा राहिली. पोर्तुगीजच्या ‘-आर’, ‘-एर’, ‘-ईर’ या तीन क्रियापद-गटांची आठवण त्या भाषेने जपली आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी ‘उ’चा चौथा गट स्वतः तयार केला. आपण परक्या क्रियापदाला नाम करून घेतो. कोर्लईकरांनी मराठी क्रियापदाला वेगळी खोली बांधून दिली. अशा भाषेची नोंद व्हावी, ती घराघरांत बोलली जावी, हे मला मनापासून वाटतं.

पोर्तुगीज येण्याआधी मराठीत काय म्हणत?

संस्कृतातून ‘वेतन’ होतं. फारसीतून ‘तनखा’ आणि ‘दरमाहा’, अरबी मुळाचा ‘मुशाहिरा’. ‘दरमाहा’ आणि ‘मुशाहिरा’ दोन्हींच्या आत ‘महिना’ आहे. फारसी ‘तनख्वाह’ फोडला तर ‘तन’ म्हणजे देह आणि ‘ख्वाह’ म्हणजे इच्छा; देहाला जे हवं ते. तोही सुंदर शब्द आहे. पण कागदावर ‘वेतन’ आणि बोलण्यात ‘पगार’ अशी वाटणी आज झाली आहे. आयोग वेतनाचा असतो, पण त्याची थकबाकी हातात पडली की ‘पगार वाढला’ असंच घरी सांगतात.

इंग्रजी ‘सॅलरी’ मिठावरून आला, सैनिकांना पगार मिठात मिळायचा, हे खरं का?

अर्धं खरं. लॅटिन ‘सालारियुम’ हा ‘साल’ म्हणजे ‘मीठ’ या शब्दाशी जोडलेला आहे. पण रोमन शिपायांना पगार म्हणून मिठाच्या गोण्या देत, याला प्राचीन लिखाणात आधार नाही. त्यांना नाणी मिळत. गोष्ट चटकदार आहे म्हणून फिरत राहते.

नाण्यांचा माग हवा असेल तर ‘सोलिदुस’ पाहा. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात चालवलेलं सोन्याचं नाणं. त्यावरून स्पॅनिश ‘सुएल्दो’ म्हणजे पगार, इटालियन ‘सोल्दी’ म्हणजे पैसे, आणि मोबदला घेऊन लढणारा तो पोर्तुगीज ‘सोल्दादु’, इंग्रजी ‘सोल्जर’. जुन्या मराठीतला ‘सोजीर’ इथलाच.

हिंदी कोशात ‘पगार’चा अर्थ ‘भिंत’ दिलेला सापडला. मलयमध्ये ‘पगार’ म्हणजे कुंपण. हे सगळं एकच का?

नाही. हिंदीतला तो जुना ‘पगार’ संस्कृत ‘प्राकार’वरून, म्हणजे तटबंदीवरून, आला. मलयमधला ‘पगार’ त्या भाषेचा स्वतःचा. आपल्या ‘पगार’शी दोन्हींचं रक्ताचं नातं नाही. ‘पागा’ फारसीतून आला आणि ‘पगडी’ही वेगळी. ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

नकाशावर ‘पाक्स’ कुठे दिसतो का?

दिसतो. पोर्तुगालच्या दक्षिणेतल्या बेजा शहराचं रोमन नाव ‘पाक्स यूलिया’. अरबांच्या काळात, त्यांच्या भाषेत ‘प’ नसल्याने, त्याचं ‘बाजा’ झालं आणि पुढे ‘बेजा’. बोलिव्हियातलं ला पास १५४८ मध्ये यादवी संपल्यावर वसवलं गेलं, म्हणून ‘शांती’ हे नाव. आणि १५२० मध्ये मॅगेलनला ज्याचं पाणी शांत वाटलं तो प्रशांत महासागर.

भाषाशुद्धीचा विचार करता ‘पगार’ टाळून ‘वेतन’ म्हणावं का?

सरकारी कागदावर ‘वेतन’ शोभतो, तिथे असू दे. पण ‘पगार’ला परका ठरवायला मी तयार नाही. ‘पगारी’, ‘पगारदार’, ‘बिनपगारी रजा’, ‘पगारपत्रक’, ‘पगारवाढ’ अशी पोरंबाळं ज्या शब्दाला या मातीत झाली, तो इथला झाला. ‘बिनपगारी फुल अधिकारी’ या म्हणीतून तो काढा आणि दुसरा घालून बघा.

पोर्तुगीजमध्ये ‘देव तुला पगार देवो’ असं म्हणतात, हे खरं का?

शब्दशः तसंच वाटेल असं एक वाक्य आहे: ‘देउस ल्ये पागे’. कुणी उपकार केला आणि परत द्यायला हातात काही नसलं, की जुन्या वळणाची माणसं हे म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘दिओस से लो पागे’. अर्थ असा, की हे माझ्याच्याने फिटणार नाही, देव फेडो. गोव्यात कोकणी ख्रिस्ती घरात पाहुणचार घेऊन निघालात, की आभाराला ‘देव बरें करूं’ असं म्हणतात. एक दुसऱ्याचा अनुवाद आहे असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे माणूस आपलं देणं देवाच्या हवाली करून निश्चिंत होतो, आणि पोर्तुगीज वाक्यात त्यासाठी जे क्रियापद येतं ते ‘पगार’च.